फुलांचा मध : गुण, उपयोग आणि सावधगिरी
(जळकोट येथील व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्हाला दिलेला विषय आहे 'फुलांचा मध'. विषय गोड आहे, पण नुसते गोड बोलून भागणार नाही. मध हे औषध आहे, अन्न आहे आणि बाजारात विकला जाणारा मालही आहे. या तिन्ही बाबतींत आपल्या घराघरांत काही चांगल्या समजुती आहेत आणि काही घातक समजुतीही आहेत. चांगल्या कोणत्या, घातक कोणत्या, हे निवडून घ्यावे एवढाच या बोलण्याचा हेतू आहे. कोणी थोर माणसाने सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आले म्हणून मानू नका, अनुभवाने तपासा आणि हिताचे असेल ते घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालाम लोकांना दिली. तीच कसोटी आज मधाला लावू या.

प्रथम मध तयार कसा होतो ते पाहू. फुलाच्या तळाशी जो पातळ गोड रस असतो त्याला मकरंद म्हणतात. त्यात निम्म्याहून अधिक, कधी कधी तीन चतुर्थांश पाणीच असते. कामकरी माशी तो शोषून पोटातील वेगळ्या पिशवीत भरते आणि पोळ्यात आणून दुसऱ्या माशीच्या तोंडात देते. असा तो रस तोंडातोंडी फिरतो. माशीच्या लाळेतील पाचक द्रव्यामुळे त्यातील साखरेचे दोन सोप्या साखरांत रूपांतर होते. एक फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, आणि दुसरी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज. मग रात्रभर माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवतात. पाणी अठरा-वीस टक्क्यांपर्यंत खाली आले की त्या कप्प्यावर मेणाचे झाकण बसवतात. झाकण बसले म्हणजे मध पिकला. झाकण न बसलेल्या कप्प्यांतला मध काढला तर तो पातळ असतो आणि थोड्या दिवसांत आंबतो.

एक किलो मधासाठी माश्यांना लाखो फुलांवर जावे लागते. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. एवढ्या आयुष्यात एक माशी चहाचा चमचासुद्धा भरत नाही, त्याचा बारावा हिस्सा भरला तरी पुष्कळ. म्हणून चमचाभर मध ताटात उष्टा टाकताना विद्यार्थ्यांनी हा हिशोब आठवावा.

'फुलांचा मध' म्हटले तरी सगळा मध सारखा नसतो. ज्या फुलाचा मकरंद त्याचा रंग आणि चव. महाबळेश्वरच्या जंगलातला जांभळाचा मध गडद असतो आणि त्याला किंचित तुरट-कडसर चव असते. तिकडे व्हायटी नावाचे झुडूप काही वर्षांतून एकदाच फुलते आणि त्या वर्षी तिचा मध मिळतो. उत्तरेकडील मोहरीचा मध थोड्याच दिवसांत लोण्यासारखा घट्ट होतो. सूर्यफुलाचा मध पिवळाधमक, तोही लवकर थिजतो. आपल्या जळकोट-नळदुर्ग भागात घनदाट जंगल नाही, पण फुलेच नाहीत असे म्हणणे बरोबर नाही. श्रावण-भाद्रपदात बाभूळ आणि बोर, दिवाळीच्या पुढेमागे तूर, माघाच्या सुमारास करडई आणि शेवगा, चैत्रात कडुनिंब आणि करंज, उन्हाळ्याच्या शेवटी चिंच. सूर्यफूल पूर्वी आपल्याकडे पुष्कळ होते, आता सोयाबीनने त्याची जागा घेतली आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाला बांधावरच्या बोरीचा फुलोरा दिसत नाही, माशीला मात्र तो दिसतो.

माश्यांचेही प्रकार आहेत. उंच झाडाला, कड्याला किंवा पुलाखाली एकच मोठे उघडे पोळे लावणारी ती आग्या माशी. ती चिडली तर जीवावर बेतते. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी ती फुलोरी. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी ती सातेरी. ही पेटीत पाळता येते. परदेशातून आणलेली मेलिफेरा ही चौथी. तीही पेटीत पाळतात आणि ती मध अधिक देते. विद्यार्थ्यांनी हे चार प्रकार वहीत लिहून घ्यावेत.

आता मधात असते काय ते पाहू. शंभर ग्रॅम मधात सुमारे ऐंशी ग्रॅम साखर, सतरा ते वीस ग्रॅम पाणी, आणि उरलेल्या थोड्या भागात आम्ले, खनिजे, पाचक द्रव्ये, परागकण आणि सुगंधी द्रव्ये. शंभर ग्रॅमपासून सुमारे तीनशे उष्मांक मिळतात. मधात जीवनसत्त्वांचा खजिना आहे असे जाहिरातीत म्हणतात. प्रत्यक्षात त्यांचे प्रमाण इतके थोडे असते की त्यावर पोषण होत नाही. लोह हवे असेल तर पालेभाजी, डाळ आणि बाजरी खावी. मधाचे खरे सामर्थ्य दुसरीकडे आहे. त्यात पाणी कमी आणि साखर दाट असल्यामुळे जंतू वाढू शकत नाहीत. तो आम्लधर्मी असतो. शिवाय माशीच्या लाळेतील एका द्रव्यामुळे, मध पातळ झाला की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड अल्प प्रमाणात तयार होते आणि तेही जंतूंना मारक असते. म्हणून चांगला पिकलेला मध बंद बरणीत वर्षानुवर्षे टिकतो.

मधाचा औषधी उपयोग आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात भेसज्जाचा स्वतंत्र विभाग आहे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, अन्न पचेना, अंगावर मांस राहिना, तेव्हा भगवंतांनी पाच औषधांना अनुमती दिली. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. आजारी भिक्खूने ती सात दिवसांपर्यंत जवळ ठेवावीत, त्याहून जास्त साठवू नयेत, असा नियम घातला. यातल्या दोन्ही गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. गरजूला औषध मिळाले पाहिजे, आणि औषधाचा साठा करून लोभ वाढवता कामा नये. संबोधीनंतर तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी तथागतांना पहिले अन्न दिले तेही सातूचे पीठ आणि मधाचे लाडू होते.

आजचे शास्त्र मधाच्या औषधीपणाबद्दल काय म्हणते? खोकल्याच्या बाबतीत ते मधाच्या बाजूचे आहे. सर्दी-पडशातल्या खोकल्यावर मध दिला तर घशाला आराम पडतो आणि रात्री झोप लागते. २०२० साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी चौदा अभ्यास एकत्र तपासून, अशा साध्या खोकल्यात मधाने आराम पडतो, असा निष्कर्ष काढला. आमच्या आजीचे आल्याचा रस आणि मध हे चाटण खरे ठरले. एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध पुरे. पण माता-भगिनींनो, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर मधाची बाटली बाजूला ठेवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत. चाटणावर महिने काढून उशिरा दवाखाना गाठणारे रोगी गावोगाव असतात आणि त्यात कष्टकरी वस्तीतली माणसे अधिक असतात.

जखम आणि भाजणे यांवरही मधाचा उपयोग होतो. पण रुग्णालयात वापरतात तो निर्जंतुक केलेला वेगळा मध असतो. घरातल्या बरणीतला मध उघड्या जखमेवर लावू नये. भाजल्यास आधी वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग धरावा. मध, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये, आणि दवाखान्यात जावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. बाकीचे सारे विसरलात तरी चालेल, पण ही विसरू नका. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नका, थेंबभरसुद्धा देऊ नका. आपल्याकडे बाळ जन्मले की मध चाटवण्याची रीत आहे. पुढे गुटी उगाळताना त्यात मध घालतात, बाळ रडले तर बोटाने मध लावतात. हे सारे प्रेमापोटी होते, पण घातक आहे. मधात काही वेळा क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जंतूची बीजे असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शौचास होत नाही, ते नीट दूध ओढत नाही, रडणे क्षीण होते, मान टाकते, आणि पुढे श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. मध शुद्ध आहे, घरचा आहे, जंगलातला आहे म्हणून धोका टळत नाही, कारण ही बीजे भेसळीतून नव्हे, मातीतून आणि धुळीतून येतात. मध उकळूनही ती मरत नाहीत. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको. मध नको आणि पाणीही नको. वडीलधाऱ्या बायकांनी आग्रह केला तर सुनेने काय करावे? तिने एकटीने भांडू नये. संस्थेच्या महिला मंडळाने हे काम हाती घ्यावे आणि आशाताईंना सोबत घेऊन प्रत्येक बाळंतिणीच्या घरी जाऊन सांगावे. सासूला समजले की सुनेला त्रास होत नाही.

दुसरी सावधगिरी मधुमेहाची. 'साखर चालत नाही, पण मध चालतो' असे पुष्कळजण म्हणतात. हे खरे नाही. मध साखरेपेक्षा रक्तातील साखर थोडी हळू चढवतो एवढाच फरक आहे, पण चढवतो निश्चित. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल जे मार्गदर्शन केले त्यात मधही साखरेतच धरला आहे. दिवसाला सगळी मिळून सहा चमचे, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम, एवढ्यावर थांबणे निरोगी माणसालाही हिताचे. सकाळी कोमट पाण्यात मध घेतल्याने चरबी वितळते हाही असाच समज आहे. एका चमचा मधात वीस उष्मांक असतात. मध पिऊन कोणाची चरबी जळत नाही. दुपारच्या गोड चहाऐवजी ते पाणी घेतले तर साखर तेवढी वाचेल, फायदा असलाच तर तो तेवढाच.

स्वयंपाकात मध कसा वापरावा, याबद्दल भगिनींनी नेहमी विचारणा केली आहे. मध साखरेपेक्षा गोड असतो, म्हणून जिथे एक वाटी साखर घालता तिथे पाऊण वाटी मध पुरे, आणि पाणी किंवा दूध थोडे कमी करावे. ज्वारीच्या गरम भाकरीवर लोणी आणि वर चमचाभर मध हा शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी उत्तम नाश्ता आहे. केळ्याच्या शिकरणात, दह्यात, नाचणीच्या आंबिलीत, लिंबाच्या सरबतात मध छान मिसळतो. सरबतात चिमूटभर मीठ घातले तर उन्हातून आलेल्या माणसाला तरतरी येते. आवळ्याच्या फोडी वाफवून, पुसून, कोरड्या करून मधात बुडवून ठेवल्या तर मोरावळ्यासारखे टिकाऊ खाणे होते. आवळा पाणी सोडतो आणि मध पातळ होतो, म्हणून थोड्या दिवसांनी त्यात आणखी मध घालावा, नाहीतर आंबतो. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू मात्र नुसत्या मधात नीट वळत नाहीत. मध हवेतले पाणी ओढून घेतो आणि लाडू मऊ पडतात. तिथे गूळच बरा. मध चुलीवर उकळू नये. फार तापवला की सुगंध उडतो, पाचक द्रव्ये नष्ट होतात आणि रंग काळपट पडतो. पदार्थ उतरवून, कोमट झाल्यावर मध घालावा.

मध काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाने, उन्हापासून दूर ठेवावा. ओला चमचा घालू नये. फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नाही, तिथे तो लवकर थिजतो. थिजलेला मध म्हणजे साखर मिसळलेला मध असे समजून पुष्कळजण तो फेकून देतात किंवा दुकानदाराशी भांडतात. मधातील ग्लुकोजचे खडे होणे हा शुद्ध मधाचाही स्वभाव आहे. बरणी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

मग शुद्ध मध ओळखावा कसा? पाण्यात थेंब टाकून पाहणे, कापडाची वात भिजवून पेटवणे, कुत्रे खाते की नाही हे पाहणे, असे अनेक उपाय सांगतात. यातल्या एकाही उपायावर भरवसा ठेवू नये. दाट साखरेचा पाकसुद्धा पाण्यात तळाशी बसतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील तेरा ब्रँडचे मध तपासून घेतले. त्यातील काही चाचणी जर्मनीच्या प्रयोगशाळेत झाली. सर्व चाचण्यांत फक्त तीन ब्रँड उतरले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण एक गोष्ट उघड झाली की आजचा भेसळीचा पाक साध्या प्रयोगशाळेलाही चकवतो, तिथे आपल्या काडेपेटीचे काय चालणार? म्हणून तीन गोष्टी कराव्यात. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आणि ॲगमार्क पाहून घ्यावा. शक्य तर खादी ग्रामोद्योग मंडळाच्या विक्री केंद्रातून किंवा ओळखीच्या मधपाळाकडून घ्यावा. आणि फार स्वस्त मध घेऊ नये. आणखी एक हिशोब सांगतो. मध पाण्यापेक्षा जड असतो. एक लिटरच्या बाटलीत सुमारे एक किलो चारशे ग्रॅम मध मावतो. दारावर लिटरच्या मापाने मध विकत घेताना बाटलीचे वजन करून पाहावे. पातळ मध कमी भरतो.

आता विषयाची दुसरी बाजू. मध खाणाऱ्यांबद्दल बोललो, मध मिळवणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे भूमिहीन आहेत. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. मुलांची शाळा सुटते ती कायमचीच. मधमाशी पाळायला जमिनीची मालकी लागत नाही, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. पेटी बांधावर ठेवता येते, फूल मात्र सगळ्या शिवाराचे असते. लाकडी पेटीत सुट्या चौकटी असतात. मध भरलेली चौकट काढून मधयंत्रात फिरवली की मध बाहेर येतो आणि पोळे शाबूत राहते. सातेरीची पेटी चांगल्या भागात वर्षाला पाच-दहा किलो मध देते, मेलिफेरा त्याहून बरीच अधिक. महाबळेश्वरजवळच्या मांघर या छोट्या गावाला २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून ओळख मिळाली. तिथे घरोघर हा जोडधंदा आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते, आणि राज्य खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे.

पण आम्ही कोणाला फसवी आशा दाखवणार नाही. महाबळेश्वरला जे साधते ते जळकोटला तसेच्या तसे साधणार नाही. आपल्याकडे वैशाखात पाणी आटते, फूल आटते, आणि पेटीतल्या माश्या उपाशी मरतात किंवा उडून जातात. त्या काळात पेट्यांना सावली, पाणी आणि साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि त्या पाकाचा मध विकायचा नसतो, तो माश्यांचा असतो. तूर फुलात आली की शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी होते आणि भरदिवसा फवारले की माश्या हजारोंनी मरतात. म्हणून कोणी एकट्याने कर्ज काढून पंचवीस पेट्या आणू नयेत. दोन-चार तरुणांनी आधी प्रशिक्षण घ्यावे, तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी, दोन पेट्यांवर एक पूर्ण वर्ष काढावे आणि मगच पुढे जावे. शेतकरी बांधवांनाही सांगणे आहे की फवारणी सायंकाळी करा. सूर्यफूल, करडई, कांद्याचे बियाणे, डाळिंब या पिकांना माशी आली तर दाणा आणि फळ चांगले धरते. पेटी ठेवणारा मजूर आणि शेताचा मालक यांचे हित इथे एकच आहे.

आग्या मोहोळ जाळून मध काढण्याची रीत मात्र आता सोडली पाहिजे. रात्री टेंभा लावला की हजारो माश्या आणि सारी पिल्ले जळतात. त्या पोळ्यात मध एका बाजूच्या वरच्या जाड भागात असतो, खाली पिल्ले असतात. अंगभर संरक्षक पोशाख घालून तेवढा मधाचा भाग कापून घेतला तर पोळे जगते आणि पुन्हा मध भरते. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने विदर्भातील मध काढणाऱ्यांना ही अहिंसक रीत शिकवली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत पारिलेय्यक वनातील कथा आहे. माकडाने भगवंतांना मधाचे पोळे अर्पण केले. भगवंतांनी ते घेतले, पण ग्रहण केले नाही. माकडाने निरखून पाहिले तर पोळ्यात माशीची पिल्ले होती. त्याने ती अलगद बाजूला काढली, तेव्हा भगवंतांनी मध ग्रहण केला. बांगलादेशातील बौद्ध बांधव भाद्रपद पौर्णिमेला याच कथेची आठवण म्हणून मधुपौर्णिमा साजरी करतात. विहारांत मध दान देतात. कथा म्हणून ऐका किंवा शिकवण म्हणून, अर्थ एकच आहे. दुसऱ्याचे पिल्लू मारून आणलेले गोड दानालाही योग्य नाही.

धम्मपदातही मुनीला भ्रमराची उपमा दिली आहे. फुलाच्या रंगाला आणि गंधाला धक्का न लावता तो रस घेतो, तसे मुनीने गावात वावरावे, असा त्याचा आशय. विद्यार्थी मित्रांनो, माशी फुलाकडून घेते ते फुकट घेत नाही, परागकण पोचवून त्याची परतफेड करते. समाजाकडून शिष्यवृत्ती, वसतिगृह, पुस्तके घेऊन शिकणाऱ्याने हा हिशोब मनात ठेवावा.

शेवटी चार गोष्टी पुन्हा सांगतो. वर्षाच्या आतील बाळाला मध नको. मधुमेह्याने मध साखरच समजावी. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासावी. आणि मोहोळ जाळू नये. एवढे चार घरांत जरी पोचले तरी आजचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.